डांबरगोळ्यांचा निरोप

नातू दारापर्यंत आला आणि दारातूनच परत गेला.

मालनबाई, म्हणजे आमचं कुटुंब, पायावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी दाराला झेंडूची माळ लावून, नवा सदरा घालून, मोबाइल सरसावून फोटोच्या तयारीत होतो. आमची मुलगी धम्मशीला रिक्षातून उतरली, बाळाला छातीशी धरून उंबऱ्यापर्यंत आली, एक पाय आत टाकला, नाक वर केलं आणि टाकलेला पाय मागं घेतला. मोबाइलमध्ये जो एकुलता एक फोटो आला, त्यात तिची पाठ आहे.

“बाबा, घरात डांबराच्या गोळ्या हायत का?” तिनं अंगणातूनच विचारलं.

“हायत की! मायंदळ हायत. तू आजिबात काळजी करू नको.”

हे मी अभिमानानं म्हणालो, हे इथं नमूद करणं भाग आहे. आमच्या घरात स्वयंपाक, सोयरेधायरे, देणंघेणं, गल्लीतली भांडणं ही सगळी खाती मालनबाईकडे आहेत. पेट्या आणि कपाटं एवढं एकच खातं माझ्याकडे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात माझी उभी हयात उंदीर, झुरळं आणि वरिष्ठ या तिघांपासून माल वाचवण्यात गेली. निवृत्तीनंतर हे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून मी घरात शिस्तीत बंदोबस्त लावला होता. प्रत्येक पेटीच्या चार कोपऱ्यांत गोळ्यांच्या पुरचुंड्या, कपाटाच्या प्रत्येक कप्प्यात पुरचुंडी, पुस्तकांच्या मागं, चपलांच्या मांडणीत, बेसिनच्या जाळीवर, मोरीच्या तोंडाशी. आमच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा पत्ता विचारत नसे, वासाच्या दिशेनं चालत येई.

शीलानं अंगणातच सगळं सांगितलं. परभणीच्या दवाखान्यात बाळ जन्मलं, दुसऱ्याच दिवशी त्याला कावीळ झाली, निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याचं कारण आता तपासणीत कळलं होतं. “त्याच्या रक्तात एक गोष्ट जन्मापासूनच कमी हाय, बाबा. बाकी लेकरू चांगलंय, खाईल-पिईल, शाळेत जाईल. पण डांबराच्या गोळीचा वास न्हाई चालत त्याला. त्या वासाचे कपडे तर आजिबात न्हाई. रक्तातल्या पेशी फुटतेत, कावीळ उलटती. डॉक्टरनं बजावून सांगितलंय.”

रिक्षा अजून वळतच होती. शीलानं तिला हाक मारली आणि आली तशी ती परभणीला, सासरी, निघून गेली. मालनबाईच्या हातातला तांब्या तसाच भरलेला राहिला.

पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. ते सासरी होणं म्हणजे मुलीच्या आईबापाला गल्लीतून खाली मान घालून जावं लागणं. त्यात संध्याकाळी विहीणबाईंचा, राजेश्रीताईंचा फोन आला. आवाजात साखर होती. “तुमी काई टेन्शन घेऊ नका. लेकरू इथं मजेत हाय. आमच्या घरात पहिल्यापासूनच असलं काई ठेवत न्हाईत.” या वाक्यातल्या ‘असलं काई’ या दोन शब्दांनी माझी झोप उडवली.

येत्या पौर्णिमेला आमच्या घरी नामकरण ठरलेलं होतं. भंतेजींना आमंत्रण गेलेलं होतं. शीलानं स्पष्ट सांगितलं, “वास गेला तर मी येते, नामकरण तिथंच करू आन मग सव्वा महिना राहते. न्हाई गेला तर नाव परभणीत ठेवू.” मालनबाई मला एक शब्द बोलली नाही. तिनं फक्त डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून पाहिला, झाकण लावलं आणि माझ्या ताटात भाकरी जरा जोरात ठेवली. तिला नातू मांडीवर हवा होता आणि तो सुखरूप हवा होता. या दोन गोष्टींच्या मध्ये माझं खातं आडवं आलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी पहाटेच मोहिमेला लागलो. सगळ्या पुरचुंड्या सोडून गोळ्या एका पिशवीत जमा केल्या. कित्येक गोळ्या झिजून ज्वारीच्या दाण्याएवढ्या उरल्या होत्या. “बाकीची गोळी गेली कुठं?” मी मोठ्यानं म्हणालो. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून शेजारच्या गोविंदरावांनी उत्तर दिलं. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. “घन पदार्थाचा थेट वायू होतो, सटवाजी. याला संप्लवन म्हणतात. बाकीची गोळी तुमच्या नाकातून तुमच्यात गेली.” गोविंदराव कोणतीही वाईट बातमी व्याख्येसकट देतात.

पिशवी मी गटारात रिकामी करणार होतो. गोविंदराव भिंतीवरून ओरडले, “गटार कुठं जातं? नदीला. नदीचं पाणी कुठं येतं? नळाला. नळाचं पाणी कोण पितं?” हा प्रश्नोपनिषदासारखा प्रकार पुढं नातवापर्यंत पोचणार हे दिसताच मी पिशवी उचलली आणि घंटागाडीची वाट पाहत बसलो.

घंटागाडीच्या ड्रायव्हरनं, बालाजीनं, पिशवीत डोकावून विचारलं, “ओला का सुका?”

“ओला न्हाई, सुका बी न्हाई. हे हवेत उडून जातंय.”

“मग मामा, उडून जाईपर्यंत वाट बगा की. मला कामून देताव?”

तेवढ्यात माझं लक्ष गाडीच्या मागच्या बाजूला गेलं. तिथं एक काळा कप्पा होता आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘घरगुती घातक कचरा’ असं रंगवलेलं होतं. मला परमानंद झाला. मी म्हणालो, “हे बघ, सरकारनं सोय केलेली हाय!” बालाजीनं कप्पा उघडून दाखवला. आत त्याचा जेवणाचा डबा होता, लोणच्याची बाटली होती आणि पाण्याचा थर्मास. “घातक लिवलंय म्हनून कुनी हात लावत न्हाई,” तो म्हणाला, “लय सेफ जागा हाय.” साहेबाची चिठ्ठी आणल्याशिवाय तो डबा हलवायला तयार नव्हता. माणसाच्या जेवणाला त्याच्या जागेवरून उठवणं माझ्याही जिवावर आलं.

मग मी कचेरीत गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. सांगितलं तरी पाचही टेबलांवरचे लोक ती आपली नव्हे असंच म्हणतील. पहिल्या टेबलानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं जेवणाच्या सुट्टीकडे. शेवटी एक सज्जन भेटले. त्यांनी पिशवी उघडली, वास घेतला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. “अरे वा! टाकायलाव कशाला, मामा? आमच्या रेकॉर्ड रूममधी झुरळं लय झालीत. आना इकडं. आन थोड्या घरी बी नेतो.” मी गहिवरलो. इतकी तत्पर कचेरी मी नोकरीच्या काळातही पाहिली नव्हती. पिशवी देता देता सहज विचारलं, “घरी लहान कोण?” ते म्हणाले, “हाय की, नुकतंच रांगाय लागलंय. दिसंल ते तोंडात घालतंय बगा.” मी पिशवी त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. माझ्या मागं ते शिपायाला म्हणत होते, “पेन्शनर लोकांचं काई कळत न्हाई.”

तर अशी ती पिशवी पुन्हा माझ्याकडं आली. घरात न्यायची सोय नाही, बाहेर कुणी घेत नाही. मी ती पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करून, डबा सायकलला लटकवून, गल्लीच्या टोकाला उभा राहिलो. बालाजीला माझी दया आली असावी. तो गाडीवरून उतरला, आपला जेवणाचा डबा, बाटली आणि थर्मास काढून पुढच्या सीटवर ठेवला आणि घातक कप्प्यात पहिल्यांदाच घातक कचरा गेला. “चिठ्ठी?” मी विचारलं. “ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला, “लेकरासाठी हाय म्हनं.” त्याला हे कुणी सांगितलं कुणास ठाऊक. आमच्या गल्लीत बातमीला पाय असतात.

गोळ्या गेल्या, पण वास राहिला. शिवाय पेट्या उघड्या टाकून कसं चालेल? मी गोविंदरावांचा सल्ला घेतला, म्हणजे मागायच्या आधीच तो भिंतीवरून आला. “कापूर! शुद्ध, सात्त्विक, सुगंधी.” आमच्या घरात वंदनेला मेणबत्ती आणि अगरबत्ती, कापूर असा कधी आलाच नव्हता. तो प्रथमच आला आणि एकदम किलोच्या हिशेबात आला. सगळ्या पुरचुंड्या पुन्हा बांधून मी विजयी मुद्रेनं शीलाला व्हिडिओ कॉल लावला.

“बाबा,” ती कपाळाला हात लावून म्हणाली, “डॉक्टरनं कापूर बी सांगितलाय. त्यो बी नको.”

शेजारी उभे असलेले गोविंदराव पडद्यात डोकं घालून म्हणाले, “पण बेटा, कापूर नैसर्गिक असतो.”

“काका, इंचवाचं इख बी नैसर्गिकच असतंय.”

गोविंदराव भिंतीपलीकडे गेले आणि दोन दिवस दिसले नाहीत.

मग पंडितचं दुकान. पंडितकडे पिशवीबंद नव्या गोळ्या आल्या होत्या, निळ्या, गुलाबाच्या वासाच्या. मी चष्मा लावून वेष्टन उलटंपालटं करून वाचलं. पुढं गुलाब होता, मागं हसणारी बाई होती. आत नेमकं काय आहे, याबद्दल ती बाई काही सांगत नव्हती. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ एवढं होतं.

“मग ठेवायच्या कुठं?” मी विचारलं.

“कपाटात, कपड्यात.”

“आन कपाटातले कपडे काढून घालायचे कुनाला?”

पंडितनं वेष्टन माझ्या हातातून काढून घेतलं. “मामा, इतका इचार केल्यावर मला दुकान बंद करावं लागंल.”

शीला सांगत होती की, युरोपात असल्या डांबरगोळ्या विकायला कधीच बंदी झाली. आमच्याकडे पंडितनं सुट्या गोळ्या शेंगदाण्याच्या शेजारच्या बरणीत ठेवल्या होत्या आणि दोन्ही बरण्यांना चमचा एकच होता. मी त्याला एवढंच म्हणालो की, चमचा तरी वेगळा कर. त्यानं केला, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

शेवटी शीलानं डॉक्टरांनाच विचारलं की, गोळीच्या जागी ठेवायचं तरी काय. डॉक्टर म्हणाले, काहीच नाही. धुवा, उन्हात टाका, वारा लागू द्या आणि जे कपडे आहेत ते वापरा. चाळीस वर्षं मी ज्या शास्त्राची उपासना केली, त्याला दिलेला हा पर्याय ऐकून मला थोडा अपमान वाटला. काहीच नाही म्हणजे काय? पण आपल्या परभणी जिल्ह्यात दुसऱ्या कशाची टंचाई असेल, उन्हाची नाही. मी झाडून सगळ्या पेट्या गच्चीवर, कंपाउंडवर, लिंबाच्या फांद्यांवर आणि रस्त्यापर्यंत दोऱ्या बांधून रिकाम्या केल्या.

याचा परिणाम असा झाला की, रस्त्यानं जाणारे लोक थांबायला लागले. कुणी म्हणे, घर सोडायलाव का? पालमहून पाहुणी आलेली एक बाई तर फाटक उघडून सरळ आत आली, मालनबाईची शाल चाचपली, भाव विचारला, पुढं माझ्या लग्नातल्या कोटाकडे वळली, बाही उचलून पाहिली आणि म्हणाली, “हे न्हाई चालत. लय जुनं हाय.” तो कोट मी आजवर कोणालाही हात लावू दिला नव्हता. विकायचा नसलेला माल नापसंत होण्याचं दुःख काय असतं, ते त्या दिवशी कळलं.

इथपर्यंतचे हाल माझे एकट्याचे होते. पुढं जे झालं त्यात दुसऱ्याचं मन दुखावलं.

आमच्याकडे बाळाला कोरं कापड लगेच घालत नाहीत. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड लागतं, आणि ते गल्लीनं द्यायचं असतं. ज्याची पोरं धडधाकट वाढली त्याच्या घरचं झबलं, ज्या म्हातारीनं खूप पाहिलं तिच्या लुगड्याचं दुपटं. तसं ते यायला लागलं. माया अशी की, लोकांनी पोरांच्या लहानपणची झबली वर्षानुवर्षं जपून ठेवलेली. आणि जपून म्हणजे कशात, हे सांगायला नकोच. एकेक गाठोडं फाटकातून आत आलं की मला घाम फुटे. प्रत्येकाला तोंडानं सांगायचं धाडस होईना. तेव्हा मी नोकरीत जे केलं असतं तेच केलं. एक पाटी रंगवून फाटकाला लावली: ‘बाळासाठी आणलेले जुने कपडे व अंथरूण-पांघरूण बाहेर ठेवावे. आदेशावरून.’

‘आदेशावरून’ लिहिल्याशिवाय मला पाटी पूर्ण वाटत नाही. त्याला मी काय करू?

संध्याकाळी बायनाबाई आल्या. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत थोर बाई. शीला पोटुशी असल्यापासून त्या आपल्या लुगड्यांची लहानशी वाकळ शिवत होत्या, एकेक टाका तांदळाएवढा सारखा. वाकळ बगलेत मारून फाटकाशी आल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी जाणाऱ्या एका पोरीला विचारलं की, ह्यावर काय लिवलंय. पोरीनं वाचून दाखवलं. मी ओसरीवरून धावत येईपर्यंत उशीर झाला होता.

“आमच्या कापडाचा बी इटाळ व्हायलाय का रं सटवाजी तुला?”

“बायनाआत्या, तसं न्हाई, तो वास…”

“ ‘भायेर ठिव’ हे माझ्या सासूनं जलमभर ऐकलं. मला ऐकवायला तूच राहिला व्हतास का?”

वाकळ घेऊन त्या निघून गेल्या. मी फाटकाला धरून उभा राहिलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटी मी त्याच क्षणी उपटली, पण उपटलेली पाटी कुणी वाचत नाही. दुसऱ्या दिवसापासून गल्ली गप्प झाली. मालनबाईकडे कुणी कढीपत्ता मागायला येईना. नळावर ती गेली की बोलणं थांबे. पूर्वी मला ‘मामा’ म्हणणारे ‘साहेब’ म्हणायला लागले, आणि आमच्या गल्लीत ती शिवी आहे.

मालनबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “जावा आन सांगून या. कागद लावून न्हाई. तोंडानं.”

मी विहारात गेलो. संध्याकाळची वंदना संपून बायका बसल्या होत्या. मी ‘सन्माननीय व्यासपीठ’ अशी सुरुवात केली; व्यासपीठावर कुणीच नव्हतं. मग मी गोविंदरावांकडून शिकलेलं संप्लवन सांगितलं, पेशी सांगितल्या, युरोप सांगितला. बायका पदराआड जांभया द्यायला लागल्या. शेवटी बायनाबाईंनीच मधे तोडलं. “ते समदं ऱ्हाऊ दे. लेकराला काय हुतंय ते सांग.”

“त्याचं रक्त फुटतंय, आत्या,” मी म्हणालो. “पिवळं पडतंय लेकरू. आपल्या कापडाच्या वासानं.”

बायनाबाईंनी गुडघ्यावर हात टेकला. उठल्या, पदर खोचला आणि निघून गेल्या. त्यांच्या मागं बाकीच्या गेल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

नामकरणाच्या आदल्या दिवशी शीला एकटीच तपासणीला आली. बाळाला सासूकडे ठेवून आली होती. तिनं स्वयंपाकघर पाहिलं, मोरी पाहिली, पेट्यांत डोकं घालून वास घेतला. मी मागं मागं, इन्स्पेक्शनला साहेब आल्यावर चालावं तसा. माजघरात येऊन ती थबकली. “बाबा, इथं येतोय वास.” आम्ही कोपरे पाहिले, कोनाडे पाहिले. ती माझ्याजवळ आली. “बाबा, तुमचाच येतोय.” मी अंगात जुना हातविणीचा स्वेटर घातला होता. सगळ्या पेट्या उन्हात टाकल्या, त्यातून तेवढा सुटला, कारण तो सदैव माझ्या अंगात होता. स्वेटर अंगणात गेला, मी मोरीत गेलो, आणि दोनदा साबण लावून बाहेर आल्यावर घर पास झालं.

मालनबाईच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. तेवढ्यात शीला हळूच म्हणाली, “आन उद्या लोक येतील ते?”

आमच्याकडे मंगल कार्याला लोक पांढरेशुभ्र कपडे घालून येतात. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, नामकरणाला. ती पांढरी साडी, तो पांढरा सदरा माणूस एरवी नेसत नाही. पुढच्या प्रसंगापर्यंत पेटीत जपून ठेवतो. उद्या सकाळी अख्ख्या गल्लीत पेट्या उघडणार होत्या आणि त्यातलं सगळं आमच्या ओसरीवर येणार होतं. आणि आलेला प्रत्येक जण म्हणणार, दे गं जरा लेकरू.

पाहुण्याला सांगायचं काय? या, पण चांगलं नेसून येऊ नका? एका पाटीनं जे झालं ते पाहून माझी ती छाती नव्हती. शेवटी ठरलं की, शीला बाळाला घेऊन आतल्या खोलीत बसेल, दार लावून घेईल आणि लोक खिडकीतून बघतील. मांडीवर कुणालाच नाही. अशानं लोक येतील का, हाही प्रश्नच होता.

शीला रात्री परभणीला जाऊन पहाटेच बाळाला घेऊन आली आणि आतल्या खोलीत बसली. सकाळी मी ओसरीवर सतरंज्या टाकून बसलो. फाटक वाजलं. पुढं बायनाबाई होत्या. अंगावर विटलेलं हिरवं लुगडं, गुडघ्याशी ठिगळ, रोज शेण-झाडलोट करताना असतं तेच. त्यांच्या मागं अख्खी गल्ली. कुणाच्या अंगावर सकाळच्या भाकऱ्या थापून पिठाळलेली साडी, कुणाच्या अंगात गाऊन आणि वरून ओढणी. गँगमन पोरं रेल्वेच्या नारंगी जाकिटात. बालाजी घंटागाडीच्या निळ्या शर्टात. एकही माणूस पांढऱ्या कपड्यात नव्हता. सगळ्यांत शेवटी गोविंदराव, इस्त्रीशिवाय ज्यांना मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, ते भोकाच्या बनियनवर आणि नाडीच्या पायजम्यात, मान ताठ ठेवून आले.

“घरोघरी सांगून आलेय,” बायनाबाई म्हणाल्या. “रोजच्या वापरातलं, काल धुतलेलं, उन्हात वाळलेलं. हुंगून बग हवं तर.”

मी काय हुंगणार? मला दिसेनासं झालं होतं.

एवढ्यात परभणीची गाडी आली. राजेश्रीताई मोरपंखी पैठणीत उतरल्या. ओसरीवरची ती गर्दी, ते गाऊन, ते बनियन बघून जागीच थांबल्या आणि हळूच मला विचारलं, “सटवाजीराव, कार्यक्रम उद्या हाय का?” मी काही बोलायच्या आत दारातून शीलानं नाक वर केलं. “आई, साडीला वास येतोय.” राजेश्रीताई लालबुंद झाल्या. “गोळी न्हाई गं माय! ते सुगंधी पाकीट असतंय ना, कपाटात लटकवायचं…” मालनबाई पुढं झाली, त्यांचा हात धरून आत घेऊन गेली आणि विहीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर आमच्या घरातली, भांडी घासायच्या वेळची साडी होती. मालनबाईच्या चेहऱ्यावर करुणा होती. करुणेच्या मागं थोडं आणखी काही होतं, पण ते मी पाहिलं नाही असंच धरून चालतो.

भंतेजी आले. आता भंतेजींना कोण हुंगणार? यजमान मी. मी पंचांग प्रणाम करायला वाकलो आणि वाकल्या वाकल्या एक लांब श्वास आत ओढला. तो जरा जास्तच लांब झाला असावा.

“उपासक, काय शोधताय?” भंतेजींनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. भंतेजी हसले. “तीनच चीवरं असतात आमच्याकडं, आन तिन्ही अंगावर. पेटीत ठेवायचं काय?”

त्रिसरण-पंचशील झालं. बाळाचं नाव संघप्रिय ठेवलं. मग शीला स्वतः उठली, उंबरा ओलांडून बाहेर आली आणि बाळ सगळ्यांत आधी तिनं बायनाबाईंच्या मांडीवर दिलं. तिथून ते राजेश्रीताईंकडे गेलं, मग मालनबाईकडे, मग बालाजीकडे, मग अख्ख्या ओसरीवरून मांडी मांडी फिरत राहिलं. गोविंदरावांच्या मांडीवर त्यानं जे करायचं ते केलं, आणि गोविंदराव म्हणाले, “चालायचंच, जुनंच आहे.” कुणाच्याच कपड्याला जपायचं नव्हतं. इतकी निवांत बसलेली माणसं मी कुठल्याच कार्यक्रमात पाहिली नाहीत. “बाबा,” शीला मला म्हणाली, “लाडवाचा डबा उघडा. मी राहणार हाय.”

आभारप्रदर्शन हा माझा हातखंडा. युनियनच्या सभांपासून जयंतीपर्यंत आभार मीच मानतो आणि मी उठलो की लोक चपला शोधायला लागतात, हे मला माहीत आहे. त्या दिवशीही मी उठलो, हात जोडले. समोर ठिगळं होती, पिठाचे हात होते, नारंगी जाकिटं होती. सणाप्रसंगालाच नेसायची, जपून ठेवलेली वस्त्रं या माणसांनी माझ्या नातवासाठी घरी ठेवली होती. मी म्हणालो, “आज इथं जमलेल्या सर्वांचे…” आणि पुढं शब्दच येईना. पुन्हा म्हणालो, “आज इथं…” कुणी चपला शोधल्या नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते.

बाळ फिरत फिरत पुन्हा बायनाबाईंकडे आलं होतं. त्या हिरव्या लुगड्यात तोंड खुपसून ते पडलं होतं.

“बस खाली, सटवाजी,” बायनाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “लेकरू झोपलंय.”

मी बसलो.